कुणाची गं तू?

१२ नोव्हेंबर

शिकवणी घेणारी योरुन म्हणाली, रोज काहीतरी लिहा. काय जमलं नाही ते लिहा, म्हणजे तीच चूक परत होणार नाही. मी म्हटलं, चौदाव्या वर्षी शाळा सोडली ती पुन्हा लिहायला लागू नये म्हणूनच. ती म्हणाली, "मग शिव्या लिही, थुरा." ते जमेल.

तर. मासे कापायचा हॉल सप्टेंबरात बंद झाला. आता कॉड कापायला यंत्र आलंय. पाण्याच्या धारेने कापतं, काटा चुकत नाही आणि कंबर दुखते म्हणून कुरकुरत नाही. त्या यंत्राच्या खोलीत तीन माणसं हवीत. म्हणून युनियनने ही शिकवणी काढली. जानेवारीच्या शेवटी स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवून दाखवायचा. ज्यांचा चालेल ते खोलीत जातील. बाकीच्यांनी गाव सोडायचं, कारण गावात फॅक्टरी सोडली तर एक दुकान, एक चर्च आणि पोहायचा तलाव. तिन्हीकडे माणसं आहेत.

ब्रिन्याचा फोन आला. "आई, उगाच हट्ट करू नकोस. इकडे रेक्याविकला ये. तळघर रिकामंच आहे."

मुलगी चांगली आहे. पण तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे बूट बघत म्हातारी होणं माझ्याच्याने होणार नाही. मला इथेच राहायचंय. तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर

आज साचा आणि वस्तू. कॉड हा साचा, आणि माझ्या सुरीखाली येणारा तो एक कॉड ही वस्तू. साचा एकच, वस्तू वाटेल तेवढ्या. यात काय मोठं? जन्मभर तेच कापलं.

पुढे घोटाळा. पुस्तकात लिहिलंय की 'मासा' हा साचा आईबाप आणि 'कॉड' हा साचा मूल. मी हात वर केला. "माशाने कॉडला कधी जन्म दिला? कॉडला कॉडनेच दिला ना?"

वाल्देक खो खो हसला. वाल्देक पोलंडचा. वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोर उभा राहून मासे कापलेत त्याने, आणि हसताना त्याचा हात कधी थांबला नाही.

योरुन हसली नाही. ती आधी गणित शिकवायची, तिला सवय आहे. म्हणाली, "ते आईबाप वेगळे. ते नुसते गुण देतात, खवले, कल्ले. पोराची आणि त्यांची गाठ कधी पडत नाही. मला आज गाठ पडणारे आईबाप हवेत. मोठं खोकं घे आणि आतल्या पेट्या घे. खोकं म्हणतं, या पेट्या माझ्या. पेटी म्हणते, मी त्या खोक्याची. दोघांनी एकमेकांचा हात धरलाय."

"आणि एकाने सोडला तर?"

"तर भानगड. त्या भानगडीवरच तुमचा प्रोग्राम आहे."

२ डिसेंबर

सगळ्यांनी एक घर लिहायचंय. घरात माणसं. आईबापाकडे पोरांची यादी, पोराकडे आईबापाचा हात. प्रोग्रामला एकच प्रश्न विचारता आला पाहिजे, आपल्याकडे कुठलीही म्हातारी कुठल्याही पोरीला पहिल्यांदा विचारते तोच: कुणाची गं तू? त्यावर पोरीने पूर्ण नाव सांगायचं.

वाल्देकचा पहिल्याच फटक्यात चालला. त्यांच्यात आडनाव असतं, आमच्यात नुसतं बापाचं नाव. बापाचं उचललं, पोराला चिकटवलं, झालं. पोरगी असली तर शेवटी जरा फिरवायचं. मग मरेपर्यंत बघायला नको.

मी पुस्तकातलं तसंच उतरवलं. स्क्रीनवर आलं: ब्रिन्या ऑर्न.

अख्खा वर्ग हसला. "ही कोण? पक्षी का?" आमच्या भाषेत ऑर्न म्हणजे गरुड. मी वैतागून 'दोत्तिर', म्हणजे मुलगी, हे शेपूट जोडलं. आलं: ब्रिन्या ऑर्नस्दोत्तिर. आता तर सिग्नी हसून हसून खुर्चीवरून घसरली. हाल्ग्रिमुरच्या मुलीला हाल्ग्रिम्सदोत्तिर म्हणतात, ईवारच्या मुलीला ईवार्सदोत्तिर, पण ऑर्नच्या मुलीला आर्नारदोत्तिर. काही नावं अशी वाकडी वळतात. शेंबड्या पोरालाही कळतं. यंत्राला नाही कळत.

वाल्देक म्हणाला, "आर्नार गं, आर्नार! मला परदेशी माणसाला कळतं आणि तुला तुझ्या नवऱ्याचं नाव वळवता येत नाही?"

"नवरा नाही तो माझा."

"बरं बाई. गरुडाचं नाव."

सोळा वर्षं मी हे नाव या घरात घेतलं नाही. आता दिवसभर टाइप करावं लागतंय. मला काही नाही त्याचं. कटकट आहे एवढंच.

९ डिसेंबर

जमलं!

मी पोरीच्या आत मोठी लांबड लावत बसले होते. बापाचं नाव ऑर्न असेल तर असं कर, ब्योर्न असेल तर तसं कर. योरुन मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "थुरा, ब्रिन्याला तिचं नाव कुठून येतं?"

"बापाकडून."

"मग बापाचं नाव कसं वळतं हे ब्रिन्याने का पाठ करायचं? ज्याचं नाव त्याला माहीत. त्याला विचार ना."

म्हणजे असं. पोरीने स्वतःपुरतं 'ब्रिन्या' एवढंच ठेवायचं. कुणी 'कुणाची गं तू?' म्हटलं की तिने धरलेल्या हाताकडे वळून विचारायचं, 'माझ्या नावापुढे तुझं कसं लावू?' बाप म्हणतो, 'आर्नार.' ती म्हणते, 'ब्रिन्या आर्नारदोत्तिर.' दर वेळी नव्याने विचारायचं, साठवायचं नाही.

माझी सगळी लांबड पुसून टाकली. वाल्देकने कॉफी दिली आणि माझी बिस्किटं खाल्ली.

नाव रिकामं राहिलं तर प्रोग्रामने ओरडायचं हेही आज टाकलं. माझं ओरडणं मीच लिहिलं: "नाव टाक, आळशी!" योरुन म्हणाली, परीक्षेला हे जरा सौम्य कर. बघू.

१७ डिसेंबर

ब्रिन्याला आणि तिच्या ईवारला फेब्रुवारीत बाळ होईल. ते मला माहीत होतं. आज तिने नवीन काढलं.

"आई, मी बाबांना फोन केला होता. नॉर्वेला. मार्चमध्ये बाळाचं नाव ठेवू तेव्हा येतील म्हणाले."

मी म्हटलं, "इकडे वारा सुटलाय, छप्पर बघते."

"आई, छप्पर काही उडत नाहीये."

"तुला काय माहीत? तू रेक्याविकला आहेस."

सूर्य तर महिन्याभरापूर्वीच डोंगरामागे गेला. आता दुपारीसुद्धा निळसर उजेडात काम करायचं. बसले लॅपटॉपपुढे. योरुनने सांगितलंच होतं की घरातून माणूस काढताही आला पाहिजे, कारण माणसं मरतात, निघून जातात. मग काढलं. आधी त्याला घराच्या यादीतून काढलं. मग एक ओळ जास्तीची लिहिली: त्याच्या प्रत्येक पोराकडे जा आणि पोराच्या हातातून त्याचा हात सोडव. काही शिल्लक राहायला नको. काम करायचं तर स्वच्छ करावं, फरशी धुतल्यासारखं.

मग विचारलं, ब्रिन्या, कुणाची गं तू?

प्रोग्राम पडला. लाल अक्षरं. कुणालाच विचारता येत नाही, असलं काहीतरी. परत चालवला, परत पडला.

लॅपटॉप बंद करून छप्पर बघून आले. ठीक आहे छप्पर.

१८ डिसेंबर

योरुनला दाखवलं. तिने माझी ती जास्तीची ओळ वाचली. परत वाचली. "बाप घरातून गेला तर पोरगी बिनबापाची होते का?"

"होते. मी बघितलंय."

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "तुझा प्रोग्राम तू ठरव. पण प्रश्नाचं उत्तर यायला हवं. पडून चालणार नाही. परीक्षेला पडला तर जागा गेली."

घरी येऊन उपाय काढला, आणि चांगला काढला. पोरीने आईला विचारायचं! कायद्याने चालतं. कित्येक जण आईचं नाव लावतात. ब्रिन्या अठरा वर्षांची झाली तेव्हाच मी तिला सांगितलं होतं, माझं लाव, मी वाढवलंय. ती "बघू" म्हणाली आणि बघितलं नाही. आता मीच केलं. तिचा हात माझ्या हातात दिला.

स्क्रीनवर आलं: ब्रिन्या थुरीदारदोत्तिर.

माझं पूर्ण नाव थुरीदुर, ते असं वळतं. किती छान दिसतं. प्रोग्राम पडला नाही की काही नाही. फोटो काढून ब्रिन्याला पाठवला.

तिचं उत्तर आलं: "आई, ही कोण?"

विनोद करायची सवय आहे तिला. मी फोन चार्जिंगला लावला.

२३ डिसेंबर

आज आंबवलेला स्केट मासा, नाताळच्या तोंडावरचा रिवाज. घरभर तो वास, डोळ्यांत पाणी. वाल्देक दर वर्षी येतो, दर वर्षी नाक धरतो आणि दर वर्षी दुसऱ्यांदा वाढून घेतो. त्याला नवा प्रोग्राम दाखवला.

"हे तिने मागितलं का?"

"कुणी?"

"ब्रिन्याने."

"प्रोग्राम माझा आहे."

तो काटे काढत बसला. मग म्हणाला, "तुमच्या बायका लग्न झालं तरी बापाच्याच राहतात ना? मग तूही बापाचीच. हाल्ग्रिमुरची."

"हो."

"कसा होता?"

"वाईट. प्यायचा. मारायचा."

"मग त्याचं नाव का नाही सोडलंस?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"मासा खा, वाल्देक."

खाल्ला. त्याच्या प्रश्नांना काही टोक नसतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. या वर्षीचा स्केट फार कडक होता.

६ जानेवारी

शिकवणी पुन्हा सुरू. सिग्नीने सोडली. अक्युरेरीला बहिणीकडे गेली. आता आम्ही सहा. योरुनने सगळ्यांचे प्रोग्राम तपासले. माझा बघून म्हणाली, "परीक्षेला स्वान्हिल्दुर येणार आहे. यंत्राच्या खोलीची मुख्य. ती एकच गोष्ट विचारते. एक माणूस काढून दाखव म्हणते, आणि मग बघते की बाकीचे कसे उभे राहतात."

"माझे उभे राहतात. पोरगी आईला विचारते."

"आणि तिला आईला विचारायचं नसेल तर?"

"का नसेल?"

"मला काय माहीत? तू तिला विचारलंस का?"

सगळे तोच प्रश्न विचारायला लागलेत. नाव माझ्या पोरीचं, प्रोग्राम माझा, आणि मत सगळ्या गावाचं.

१३ जानेवारी

फार बर्फ. रस्ता बंद, शिकवणी नाही. वीजही गेली होती, मग आली.

ब्रिन्याला फोन केला. मीच केला, कामासाठी. म्हटलं, "परीक्षेसाठी विचारते. प्रोग्राममध्ये तुझं नाव काय घालू?"

"माझं नाव काय आहे, आई?"

"ते मला माहीत आहे. तुला काय हवंय ते विचारतेय."

तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी लहान होते तेव्हा दुकानात म्हातारी लोफ्तवेइग विचारायची, कुणाची गं तू? मी म्हणायचे, ऑर्न आणि थुराची. ती म्हणायची, मग दोन गोळ्या घे. मला दोन्ही हव्या होत्या, आई. अजून हव्यात. पण नाव मला आर्नारदोत्तिरच राहू दे. सवय झालीय. बँकेतही तेच आहे."

"बँकेचं काय एवढं," मी म्हटलं.

"आई."

"ऐकलं. बर्फ काढायचाय दारातला."

बर्फ काढला. फावडं चालवताना डोकं चांगलं चालतं. दोन गोळ्या. म्हणजे पोरीला हात दोन. एक आईचा, एक बापाचा. नावासाठी कुणाकडे वळायचं ते तिचं तिने ठरवायचं. मी नाही. घराने तर नाहीच नाही.

१५ जानेवारी

दोन हात दिले. नीट चाललं. मग ऑर्नला घरातून काढलं आणि प्रोग्राम परत पडला! त्याच लाल अक्षरांत.

मी टेबलावर मूठ आपटली. वाल्देक म्हणाला, "टेबल फॅक्टरीचं आहे."

योरुनने सांगितलं नाही. तिने नुसतं माझ्या त्या जास्तीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्याकडे गेली. ती ओळ: प्रत्येक पोराकडे जा, हात सोडव.

ती ओळ काढली. बाकी काही बदललं नाही. घराच्या यादीत ऑर्न नाही. पोरीला विचारलं. ब्रिन्या आर्नारदोत्तिर.

मला पटेना. "घरात नाही तर तो आहे कुठे? उत्तर कोण देतंय?"

योरुन म्हणाली, "यंत्र कुणाला झाडून काढतं माहीतंय? ज्याचा हात कुणीच धरलेला नसतो त्याला. एकानेही धरला असेल तर ते त्याला हात लावत नाही. तू त्याला तुझ्या घरातून काढलंस, ते तुझ्या हातात आहे. ब्रिन्याने त्याचा हात धरलाय, तो तिच्या."

एवढंच होतं तर. एक ओळ जास्त. महिना गेला.

२४ जानेवारी

परीक्षा. स्वान्हिल्दुर, युनियनचा एक माणूस आणि योरुन. स्वान्हिल्दुर माझ्याहून लहान, स्वेटर उलटा घातलेला. कुणी तिला सांगितलं नाही, मी सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. चालव."

चालवला. कुणाची गं तू? सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. नाव रिकामं ठेवून दाखवलं, "नाव टाक, आळशी!" आलं. युनियनचा माणूस हसला. सौम्य करायचं राहूनच गेलं होतं.

मग ती म्हणाली, "आता एक माणूस काढ."

"कुठला?"

"कुठलाही."

प्रोग्राममध्ये माझा भाऊही आहे, त्याची पोरंही आहेत. पण मी ऑर्नलाच काढलं. खोलीत गारठा होता, बोटांवर फुंकर मारली. मग विचारलं, ब्रिन्या, कुणाची गं तू?

ब्रिन्या आर्नारदोत्तिर.

स्वान्हिल्दुर पुढे वाकली. "घरात नाही तो. मग नाव कसं आलं?"

"तिने त्याचा हात धरलाय."

"त्याला काढताना तो हात सोडवत का नाहीस? बरेच जण सोडवतात. स्वच्छ दिसतं."

मी म्हटलं, "तो हात माझा नाही."

तिने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येत नाही.

२७ जानेवारी

आज सूर्य डोंगरावरून डोकावला. चहाच्या बशीएवढा, आणि लगेच गेला. पण आला. गावभर पॅनकेक आणि सूर्याच्या स्वागताची कॉफी. मी जॅम आणि साय घालून केले. वाल्देक आणि योरुन आले होते. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं तेव्हा तिघांनी बश्या उन्हात सरकवल्या.

तेवढ्यात फोन आला. खोलीत जागा मिळाली. मला, वाल्देकला आणि बंदरावरच्या स्टुर्लाला. सोमवारपासून. वाल्देकने मला उचलायचा प्रयत्न केला, त्याच्या पाठीत उसण भरली. आता सोमवारी तो वाकडा येणार.

ब्रिन्याला कळवलं. ती ओरडली, मग रडली. हल्ली सारखी रडते, बाळामुळे. म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस. तळघराचं काय करू मग?"

"भाड्याने दे."

"मार्चमध्ये बाबा उतरतील तिथे. चालेल ना?"

साय उतू जात नाही, तरी मी भांड्याकडे बघून आले. मग म्हटलं, "मला काय विचारतेस? तळघर तुझं, बापही तुझा."

"आणि तू येशील ना मार्चमध्ये?"

"येईन. तळघरात झोपणार नाही."

"तुला वरची खोली ठेवलीय," ती म्हणाली. "कधीचीच."

१६ फेब्रुवारी

मुलगी झाली. सकाळी. दोघी ठीक. कान आपल्याकडचे आहेत म्हणे, बाहेर आलेले.

कामावरून घरी आले आणि लॅपटॉप उघडला. परीक्षा कधीच संपली, आता तो प्रोग्राम कुणाला दाखवायचा नाही. पण माणूस आलं तर घालायला नको?

घातलं. आलं: "नाव टाक, आळशी!"

नाव कुठून टाकू? ते मार्चमध्ये ठेवतील, तोवर आमच्याकडे ते कुणी उच्चारायचंसुद्धा नाही. दवाखान्यातही पाटीवर नुसतं 'मुलगी' लिहिलंय आणि पुढे बापाचं. म्हणजे नाव नसलं तरी चालतं, कुणाची ते असलं पाहिजे. मी उलटं लिहून ठेवलं होतं. ते ओरडणं काढून टाकलं, नाव नसेल तर 'मुलगी' म्हण असं घातलं.

मग विचारलं, कुणाची गं तू? आईच्या बाजूने वरपर्यंत सगळं सांग म्हटलं. एकाच्या हातातून दुसऱ्याकडे, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याकडे जाऊन ती सांगायला लागली.

मुलगी ईवार्सदोत्तिर.
आई ब्रिन्या आर्नारदोत्तिर.
आजी थुरीदुर हाल्ग्रिम्सदोत्तिर.
आजोबा ऑर्न ह्याल्मार्सोन.

शेवटची ओळ मी लिहिली नव्हती. घराच्या यादीत तो नाहीच. ब्रिन्याच्या हातातून आपोआप आली.

बघत बसले थोडा वेळ. मग राहू दिली. स्क्रीनवर जागा आहे.